मुंबयची दिसता

मालवणच्या मासळी बाजारात डोळ्यांआधी नाक शिरतं. त्या दुपारी नुकत्याच होड्या लागल्या होत्या. फरशीवरून बर्फाचं पाणी वाहत होतं आणि टोपल्यांपुढे बांगड्यांचे वाटे मांडलेले होते, पाठी अजून निळ्या-हिरव्या चमकत होत्या. एका वाट्यापुढे उभी राहून मी विचारलं, "बांगडे कशे दिलंस गो मावशे?" मावशीनं मान वर केली. माझ्या चपला, खांद्यावरची कापडी पिशवी, डोक्यावर सरकवलेला गॉगल, हे सगळं तिनं एका नजरेत वाचलं आणि म्हणाली, "दीडशे रुपयाला वाटा आहे ताई. घ्या ना, एकदम ताजे आहेत." मग शेजारणीकडे वळून, आवाज जराही न उतरवता, "मुंबयची दिसता. दोनशे सांगूक होये होते." दोघी खुदखुदल्या. मलाही हसू येत होतं, पण मी हसले असते तर त्यांना कळलं असतं.

बांगडे चांगले निघाले. तरी आचऱ्याला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. मी मालवणीत विचारलं, उत्तर प्रमाण मराठीत आलं आणि माझ्याविषयीचा शेरा पुन्हा मालवणीत. म्हणजे मालवणी माझ्यादेखत चालणार, माझ्याबद्दल चालणार, फक्त माझ्याशी नाही. बरं, यात उद्धटपणा म्हणावा तर तोही नव्हता. होतं ते अगत्यच. पाहुणी आहे, उगाच तिला अडखळायला कशाला लावा! हे अगत्य आता किनाऱ्यावर जागोजाग भेटतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारा होडीवाला सांगली-साताऱ्याच्या माणसांशी, त्यांनी तोंड उघडायच्या आत, हिंदीत सुरू होतो. घरगुती खाणावळीत वैनी वाढता वाढता आत सुनेला "सोलकढी हाड गो" म्हणते आणि त्याच दमात आपल्याला "अजून भात देऊ का तुम्हाला?" असं विचारते. आतलं आणि बाहेरचं असे दोन दरवाजे, आणि आपण कुठल्या दरवाज्याचे हे समोरच्यानं आधीच ठरवलेलं.

डोंबिवलीच्या आमच्या घरातही हे दोन दरवाजे होते. आई-बाबा आपसांत मालवणी बोलायचे आणि आम्हा भावंडांकडे वळले की प्रमाण मराठी. हा बदल कधी कधी एकाच वाक्यात व्हायचा. "ह्येका विचार भात व्हयो काय तो... अरे, ताट पुढे कर की!" बाबा सोळाव्या वर्षी गाव सोडून मुंबईत आले होते. पहिल्या नोकरीत त्यांच्या 'माका-तुका'ची नक्कल करून लोक हसायचे. आपल्या पोरांना कोणी हसता कामा नये हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं असणार, आणि ते त्यांनी तडीस नेलं. आम्हाला कोणी कधी हसलं नाही. पण मुलांनी ऐकू नये अशा सगळ्या गोष्टी घरात मालवणीतच बोलल्या जायच्या. काकाचं कर्ज, कोणाचं तरी मोडलेलं लग्न, गावच्या हिश्श्याची भांडणं. आम्ही पांघरुणात डोळे मिटून पडलेलो आणि कान टवकारलेले. कान तयार व्हायला याहून चांगली शाळा कुठली असणार? तोंडाला मात्र त्या शाळेत प्रवेश नव्हता. ज्यांना भाषा पुरती कळते पण बोलता येत नाही, अशा माणसांसाठी भाषाशास्त्रात लांबलचक नाव आहे. गावात 'मुंबयचे' म्हटलं की भागतं.

परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी युरोपात २००१ साली सहा पायऱ्यांची मोजपट्टी छापली गेली, ए-वनपासून सी-टूपर्यंत. आपल्याकडे जर्मन-फ्रेंचचे क्लास लावणारी मुलं आज याच पायऱ्या मोजतात. खालच्या पायरीवर नाव-गाव सांगायचं, दुकानात भाव विचारायचा. वरच्या पायरीवर ऐकलेलं जवळजवळ सगळं सहज कळलं पाहिजे, बोलण्यातली अर्थाची बारीक छटाही पकडता आली पाहिजे. ही पट्टी मी मालवणीला लावून बघते तेव्हा माझं काय करावं तेच पट्टीला कळत नाही. आते सुनेला "बस मगे आता खुर्चयेर" म्हणते, त्यात टोमणा किती आणि काळजी किती हे मला अचूक कळतं. कोणी दिलेली शिवी लाडाची की रागाची यात माझी चूक होत नाही. पण टेम्पोवाल्याशी भाडं ठरवायचं झालं की मी तिसऱ्या वाक्याला प्रमाण मराठीत घसरते. कान सर्वांत वर, जीभ सर्वांत खाली, आणि मधल्या पायऱ्या नाहीतच. शाळेत किंवा क्लासात शिकलेल्याची अशी गत होत नाही. ती होते आमच्यासारख्या घरच्यांची.

कॅलिफोर्नियात मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषा अशा अवस्थेला पोचल्या होत्या की बोलणारी दोन-चार म्हातारी माणसं उरली होती, काही ठिकाणी तर एकच. वर्ग भरवायला ना शिक्षक, ना पुस्तकं. तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लीअॅन हिंटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लोकांबरोबर एक साधी पद्धत बसवली. एक जाणतं माणूस आणि एक शिकणारं मोठं माणूस, अशी जोडी. आठवड्यातले ठरावीक तास दोघांनी एकत्र घालवायचे, पण धडे घ्यायचे नाहीत. स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, गाडीतून फिरून यायचं आणि त्या वेळात इंग्रजी तोंडातून काढायची नाही. कळलं नाही तर हातवारे करा, वस्तू दाखवा, पुन्हा सांगा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शिकणाऱ्याचं नाही, त्या म्हाताऱ्या माणसांचंच अप्रूप वाटलं. समोरचं पोर धडपडतंय, आपल्याला त्याची सोयीची भाषा येते आहे, आणि तरी ती ओठांवर येऊ द्यायची नाही, हे किती जड असेल! शिकणाऱ्याचा कस लागतो तो सगळ्यांना दिसतो. न सावरता बसून राहणाऱ्याचा लागतो तो कोणी मोजत नाही.

मी आतेला गळ घातली. बाबांची धाकटी बहीण, आचऱ्यातच दिलेली, आता पंचाहत्तरीची. "माझ्याशी फक्त मालवणीत बोलायचं, मी कितीही अडखळले तरी." ती म्हणाली, "त्येत काय मोठासा!" आणि लगेच आम्ही कामाला लागलो. तिसऱ्यांचं सुकं करायचं होतं. तिसऱ्या धुवायच्या, एकेक शिंपली उघडायची, मांस एका बाजूला राहील अशा बेतानं अर्धी टाकायची. तिच्या हातात ते सटासट होत होतं. "गो बाय, नारळ फोडलंस?" "फोडलंय." "मग आता आडाळ्यार बस नि खव." इथवर झकास. मग मी काहीतरी विचारायला गेले, मधेच शब्द हुडकत थांबले, आणि आते म्हणाली, "अर्धाच खव. बाकीचा ठेव फ्रीजमध्ये." मी म्हटलं, "आते, मालवणीत!" "बोलतंय मां!" म्हणाली. खरंच तिला कळलंच नव्हतं. पुन्हा दहा मिनिटं बरी गेली, पुन्हा मी अडखळले, पुन्हा तिनं हात पुढे केला. मी चिडले तेव्हा तिनं कारण सांगितलं, "तुका नीट कळाक व्हया म्हणान." तिसऱ्या तोवर शिजून बसल्या होत्या. खोबऱ्याचा आणि खाऱ्या पाण्याचा वास घरभर पसरला होता. ती आपली ओच्याला हात पुसत मला शाळेच्या गोष्टी सांगत राहिली. 'माका' म्हटलं की मास्तर हातावर छडी मारायचे. हुशार पोर म्हणजे जे 'मला' म्हणतं ते. म्हणून माझ्यासारखी शिकलेली भाची समोर आली की तिचं तोंड आपोआप सरळ होतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची छडी अजून तिथेच होती आणि मी तिला म्हणत होते, नियम पाळ.

मालवणीला कोणी नावाजलं नाही असंही नाही. मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' उभं केलं, त्याचे ५००० वर प्रयोग झाले आणि घाटावरच्या माणसालाही मालवणी ऐकायची चटक लागली. बाबा ते नाटक कितीदा बघून आले असतील कोण जाणे, दरवेळी येताना मान ताठ. पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते. आमच्या दशावतारात, जो मुळात लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर चालतो, राजा आणि देव संस्कृत वळणाच्या भारदस्त मराठीत बोलतात आणि मालवणीत बोलतो तो संकासूर, लोकांना हसवायला. 'वस्त्रहरणा'त महाभारतातली माणसंच मालवणीत भांडायला लागली, आणि हशा पिकला तो त्याचमुळे. म्हणजे चौकट तीच राहिली. आता मोबाइलवर मालवणी रीळांचा पूर आहे, मीही ती बघते आणि हसते. नवऱ्याची फजिती, सासूची फजिती, चाकरमान्याची फजिती. मालवणीत कोणी वीजबिलाची तक्रार करताना, पोराला गणित समजावताना किंवा मयताच्या घरी काय बोलायचं तेच न सुचून नुसतं बसलेलं त्या रीळांत दिसत नाही. गावात मात्र हे सगळं रोज मालवणीतच चालतं.

आणि भारदस्त मालवणी नाही असं कोणी म्हणू नये. ती देवळात आहे.

गाऱ्हाणं ऐकलं नसेल असा सिंधुदुर्गातला माणूस विरळा. देवापुढे नारळ ठेवलेला, मानकरी किंवा गावकर हात जोडून उभा, आणि "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून तो एका सुरात जे बोलत जातो ते ऐकत राहावं. कोणी आणलंय, कशासाठी आणलंय, घरात काय अडलंय, पोराची नोकरी, सुनेचं आजारपण, वाट चुकलेली माणसं, सगळं त्यात ओवायचं. मध्ये ठरलेल्या ओळी यायच्या आणि दर टप्प्यावर मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पाठांतर त्यात आहेच, पण नुसत्या पाठांतरावर गाऱ्हाणं उभं राहत नाही. समोर आलेल्या घराची नस ओळखून ते तिथल्या तिथे रचावं लागतं. कोणाची कोणती गोष्ट चारचौघांत बोलायची, कोणती नुसती "काय वाकडा-तिकडा असात ता" म्हणून देवावर सोपवायची, हे तोल सांभाळणं म्हणजे माझ्या लेखी मालवणीची सी-टू. हल्ली एका घरी गणपतीत पाहिलं, मुंबईहून आलेला पुतण्या मोबाइलवर लिहून घेतलेलं गाऱ्हाणं वाचत होता. त्याच्या काकांना पक्षाघात झाला होता, बोलता येत नव्हतं, ते खुर्चीवर बसून ऐकत होते. पुतण्यानं मनापासून वाचलं. वाचताना मध्येच स्क्रीन काळी झाली, त्यानं अंगठा फिरवून ती उजळली आणि पुढचं वाक्य शोधलं. मागच्यांनी तेवढा वेळ सावरून धरला, दोनदा जास्तीचं "व्हय म्हाराजा" म्हटलं. मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं, वाईट कशाला? वाचला तर वाचला, देवापुढे उभा तर राहिला. काकांच्या चेहऱ्यावरून मात्र काही कळेना.

याच किनाऱ्यानं वर जावं तर रेवदंड्याजवळ कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या घुसळणीतून झालेली एक वेगळीच भाषा नांदते. तिथले ख्रिस्ती लोक तिला 'नोव लिंग' म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये तो मुलूख सोडला, ही बोली मात्र हजारभर माणसांच्या तोंडी राहिली. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तिच्यावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. तिला आज धाक आहे तो कोणाचा? शाळेतल्या, बाजारातल्या, नोकरीतल्या मराठीचा, म्हणजे आपलाच. रायगडच्या कातकरी पोराला वर्गात पहिल्या दिवशी जी भाषा परकी वाटते ती मराठीच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले, आणि वाटताना आतेच्या हातावरची छडी आठवत होती. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात शिरलं की आमच्या बोलण्याची सख्खी बहीण शोभेल अशी कोंकणी १९८७ पासून राजभाषा आहे, १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे. अलीकडे आम्ही बोली. मालवणी मराठीची की कोंकणीची या वादात मी पडणार नाही. त्यावर आचऱ्यात दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मला माहीत आहेत.

अलिबागच्या इस्रायल आळीतली बेने इस्रायली माणसं पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली, मराठीत कीर्तनं केली. १९४८ नंतर त्यांतली बरीच इस्रायलला गेली. ज्या हिब्रूत ती गेली ती स्वतःच शतकभरापूर्वी प्रार्थनेपुरती नि ग्रंथांपुरती उरली होती. ती पुन्हा बोलती करायला निघालेल्या एलिएझर बेन येहुदा यांनी १८८२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरं अक्षर पडू नये म्हणून घरात पाहुणे येणंसुद्धा अवघड करून ठेवलं होतं. त्या हट्टाचं कौतुक जगभर होतं. मला त्या पोराची कीव येते, आणि ज्या नातवंडांना आजीची मराठी आता नुसती कळते त्यांचीही. ती आमच्यातलीच.

न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ मध्ये निराळी वाट काढली. भाषा येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती त्यांनी शाळेत जायच्या वयाआधीची पोरं सोपवली, दिवसभर. मधल्या, भाषा विसरलेल्या पिढीला त्यांनी जवळजवळ ओलांडूनच उडी घेतली. हे वाचताना मला हटकून गावपळण आठवते. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री. माळावर झापांच्या आणि आता ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहतात. मागच्या वेळी मीही होते. भिंती नाहीत, त्यामुळे आतलं-बाहेरचं काही राहत नाही. एका राहुटीत आजी, शेजारच्या राहुटीत तिची वैरीण, मध्ये चूल, आणि थंडी इतकी की सगळ्यांना एकाच शेकोटीभोवती बसावं लागतं. गजाली रात्री दोन-दोनपर्यंत. कोणाकडे कोणासाठी म्हणून भाषा बदलायला सवड नसते, कारण ऐकणारे वीस असतात. भांडुपहून आलेला चुलतभावाचा सहा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी आईच्या मागे लपत होता. तिसऱ्या सकाळी तो कोंबड्यामागे धावत "मेल्या, थांब रे!" असं ओरडत होता, सूर अगदी गावचा. म्हातारे खूश. त्याच्या आईनं मात्र त्याला बाजूला घेऊन दटावलं, असं बोलायचं नाही, शाळेत मॅडम काय म्हणतील! तिला दोष देऊन काय करू? माझ्या बाबांनीही हेच केलं असतं. पण मुलगा त्या तीन दिवसांत जे शिकला ते मला डोंबिवलीत इतक्या वर्षांत जमलेलं नव्हतं, आणि त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. त्याच्याशी कोणी नीट वागलं नाही इतकंच. त्याच्या अडखळण्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

माझं आणि आतेचं मग फोनवर चालू राहिलं. आमच्या जागेच्या गडग्याला लागून दोन माड आहेत. ते आमच्या वाटणीतले की तिच्या, हा प्रश्न आजोबा गेल्यापासून मिटलेला नाही. या पावसाळ्याआधी तिच्या मुलानं त्या माडांचे नारळ उतरवले आणि मला ते तिसऱ्याकडून कळलं. मी फोन केला. सुरुवात तिच्या गुडघ्यांच्या चौकशीनं केली, तीही नेहमीप्रमाणे सांभाळून घेत बोलत होती, अर्धी प्रमाणात. माडाचं नाव काढलं आणि तिचा आवाज चढला. "तुज्या बापाशीन कदी एक कळशी तरी पाणी घातल्यान त्या माडाक?" माझ्या तोंडून ताडकन गेलं, "घातल्यान नाय तर माड वाढलो कसो?" मग दोन्हीकडून जे सुटलं त्यात १९७० च्या दशकातल्या वाटणीपासून माझ्या आईनं न दिलेल्या लुगड्यापर्यंत सगळं आलं. ती कुठे थांबली नाही, शब्द सोपा करून दिला नाही, मी चाचरले तिथे हात पुढे केला नाही, उलट तेवढ्यात दोन वाक्यं जास्त हाणली. मीही हाणली. शेवटी तिनं फोन आपटला. आता ती माझ्याशी बोलत नाही. तिचा मुलगा व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवतो, शुद्ध प्रमाण मराठीत, की आई म्हणते गणपतीला आलात तर बसून बोलू. मी तलाठ्याकडून सातबारा काढायला टाकलाय.